पुतळा उभारायचाच, तर त्या पंधरा जणांचा

नगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव निघालं की १९४२ ते १९४५ या काळात तिथे कैदेत असलेले नेहरू, पटेल, आझाद आठवतात. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९०१ मध्ये, इंग्रजांनी याच नगरला आणखी एका लढाईतले कैदी आणून ठेवले होते, हे आमच्या जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत आहे. ते होते दक्षिण आफ्रिकेतले बोअर, म्हणजे डच वंशाचे गोरे शेतकरी, इंग्रजांशी १८९९ ते १९०२ या काळात लढलेले. सेंट हेलेना, बर्म्युडा, सिलोन आणि हिंदुस्थान अशा चार दिशांना इंग्रजांनी हजारो बोअर कैदी पांगवले, त्यांतले काही आमच्या वाट्याला आले. आधीच १८९६-९७ आणि १८९९-१९०० अशा दोन दुष्काळांनी पिचलेल्या या मुलखात, घरापासून हजारो मैलांवर, आपली गुरंढोरं आणि बायकापोरं यांचं काय झालं या काळजीत ती माणसं दिवस काढत होती.

मी नगर जिल्ह्याचा. त्या कैद्यांच्या मागे लागून लागून मी त्या युद्धापर्यंत पोचलो आणि मग एक वेगळाच प्रश्न मनात रुतून बसला. या शेतकऱ्यांना घोड्यावरून पाठलाग करून पकडलं कुणी? इंग्रजांच्या फौजा होत्याच. पण त्यांच्या बरोबरीने ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इथून आपखुशीने आलेले घोडेस्वार होते, आणि त्यांतले कितीतरी स्वतः शेतकरी, मेंढपाळ, गुराखी होते. एका मुलखातल्या शेतकऱ्याला दुसऱ्या मुलखातल्या शेतकऱ्यावर सोडलं गेलं. आज ऑस्ट्रेलियात त्या स्वयंसेवकांची आठवण कशी ठेवायची यावर वाद चालू आहे. त्यांच्यातल्या, कैद्यांच्या हत्येसाठी मृत्युदंड झालेल्या दोन अधिकाऱ्यांना मरणोत्तर माफी द्यावी, अशी मागणी वर्षानुवर्षं होते आहे. ती देऊ नये असं माझं मत आहे. आणि आठवण ठेवायची असेल तर त्याच तुकडीतल्या दुसऱ्या पंधरा माणसांची ठेवावी, हे मला सांगायचं आहे.

आधी ही माणसं कोण, ते नीट बघायला हवं.

ऑक्टोबर १८९९ मध्ये युद्ध सुरू झालं तेव्हा लंडनने वसाहतींना कळवलं होतं की मदत पाठवायचीच तर पायदळ पाठवा, घोडेस्वारांचा उपयोग सगळ्यात कमी. दोन महिन्यांत हे शहाणपण उतरलं. १० ते १५ डिसेंबर या सहा दिवसांत स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्झो अशा तीन ठिकाणी बोअरांनी इंग्रजांचा सपाटून पराभव केला. बोअरांकडे कवायती फौज नावालाच होती. गावोगावचे शेतकरी आपापला घोडा, आपापली माउझर बंदूक आणि आठवडाभराची शिदोरी घेऊन तुकडीत यायचे. मराठी माणसाला ही पद्धत समजावून सांगायला नको. आपल्याकडे तिला गनिमी कावा म्हणतात, आणि घोड्यावरचा बारगीर किंवा शिलेदार ही आपल्या इतिहासातली रोजची माणसं आहेत. अशा शत्रूसमोर रांगेत चालणारं पायदळ निकामी ठरलं, तेव्हा साम्राज्याला एकाएकी रानात वाढलेल्या माणसाची आठवण झाली. घोड्यावरच मोठा झालेला, सूर्य आणि तारे बघून दिशा सांगणारा, पाणी कुठे सापडेल ते जमिनीवरून ओळखणारा, भाकरतुकड्यावर आठ दिवस निभावणारा माणूस हवा होता.

ऑस्ट्रेलियात अशी माणसं होती. १९०० च्या सुरुवातीला तिथे लोकवर्गणीतून खास तुकड्या उभ्या राहिल्या आणि त्यांना ‘बुशमेन’ म्हणू लागले. (कलहारीतल्या आदिवासींना ज्या नावाने ओळखलं जायचं, त्याच्याशी याचा संबंध नाही. ‘बुश’ म्हणजे ऑस्ट्रेलियातलं माळरान, आणि त्या रानातला गडी तो बुशमन.) पुढे इंग्रज सरकारच्या खर्चाने आणखी तुकड्या गेल्या. घोडेस्वारीची आणि नेमबाजीची परीक्षा होई, आणि जागांपेक्षा उमेदवार जास्त असत. युद्ध संपेपर्यंत ऑस्ट्रेलियातून किमान १६,००० माणसं गेली, न्यूझीलंडमधून सुमारे ६,५०० आणि त्यांच्यासोबत ८,००० घोडे, कॅनडातून सुमारे ७,०००. ऑस्ट्रेलियाचे सुमारे सहाशे मेले, त्यांतले निम्मे रोगराईने.

ही माणसं का गेली? राणीवरच्या प्रेमाने, असं त्या काळची वर्तमानपत्रं सांगतात, आणि काहींच्या बाबतीत ते खरंही असेल. पण आकडे दुसरीही गोष्ट सांगतात. ऑस्ट्रेलियात १८९३ मध्ये बँका बुडाल्या होत्या. १८९५ पासून पाऊस रुसला तो १९०२ पर्यंत. १८९१ मध्ये त्या देशात दहा कोटींहून जास्त मेंढ्या होत्या. १९०२ पर्यंत निम्म्याच्या आसपास उरल्या. ज्याच्या डोळ्यांसमोर कळप मेला, ज्याला लोकर कातरायचं काम मिळेना, त्याच्यासमोर रोज पाच शिलिंगची नोकरी आली. इंग्लंडच्या साध्या शिपायाला तेव्हा शिलिंगाहून थोडं जास्त मिळे. दुष्काळात गाव सोडून ऊसतोडीला किंवा मुंबईला जाणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला या भरतीच्या रांगेत फक्त देशभक्ती दिसणार नाही. त्या पोरांना मी दोष देत नाही. पोटासाठी, नावासाठी, दर्या ओलांडून जग बघण्यासाठी माणूस जातो. त्यांना दोष देणं सोपं असतं तर हा लेख लिहायची गरज पडली नसती.

त्यांच्या शौर्याबद्दलही मला काही कमी करून सांगायचं नाही. ऑगस्ट १९०० मध्ये एलंड्स रिव्हर इथे रसदीचा साठा राखत सुमारे ५०० जण बसले होते. तीनशे ऑस्ट्रेलियन, बाकीचे बहुतेक ऱ्होडेशियाचे. ४ ऑगस्टला डे ला रे या बोअर सेनापतीने त्यांना वेढलं आणि तोफा लावल्या. खंदक नव्हते. जमीन खडकाळ. माणसं रात्रभर मिळेल त्या हत्याराने खडक उकरत, पेट्या-पोती रचत आडोसे करत राहिली. घोडे, खेचरं, बैल मात्र उघड्यावर होते. सुमारे पंधराशे जनावरं मेली आणि त्या कलेवरांच्या मध्ये, उन्हात, माशांच्या घोंघाटात माणसं दिवसभर पडून राहत आणि अंधार पडला की नदीवर पाणी आणायला सरपटत जात. डे ला रेने दाखवलेली सन्मानाने शरण येण्याची वाट त्यांनी नाकारली. सुटका झाली ती १६ ऑगस्टला, म्हणजे तेराव्या दिवशी. शेतावर घाम गाळलेल्या अंगांनीच हे सोसता येतं. या माणसांचं स्मारक व्हावं, याबद्दल कुणाचं दुमत असायचं कारण नाही.

पण युद्ध एलंड्स रिव्हरपाशी थांबलं नाही.

१९०० च्या मध्यापर्यंत इंग्रजांनी ब्लूमफाँटेन आणि प्रिटोरिया या बोअरांच्या दोन्ही राजधान्या घेतल्या होत्या. बोअर मात्र शरण येईनात. छोट्या तुकड्यांनी रेल्वे तोडायची, रसद लुटायची आणि माळरानात नाहीसं व्हायचं, असा खेळ त्यांनी चालवला. त्यांना भाकरी, दाणापाणी, बातमी मिळत होती शेतावरच्या घरांतून. ही घरं म्हणजे आपल्याकडच्या वस्त्या. गावापासून दूर, एकाकी, भोवती मका, फळझाडं, मेंढ्यांचे वाडे. आधी तिथला इंग्रज सरसेनापती रॉबर्ट्सने आणि मग त्याच्या जागी आलेल्या किचनरने (हाच पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती झाला) ठरवलं की या वस्त्याच संपवायच्या. सुमारे ३०,००० घरं जाळली गेली. उभी पिकं पेटवली, विहिरी नासवल्या, मेंढ्यांचे कळपच्या कळप मारून टाकले. मैलोगणती काटेरी तार ओढून आणि मध्ये मध्ये हजारो लहान गढ्या बांधून अख्खा मुलूख चौकटींमध्ये कापला, आणि त्या चौकटींमधून घोडेस्वारांची हाकाऱ्यांसारखी रांग फिरू लागली.

इथे बुशमनच्या कौशल्याचं काय झालं ते बघा. गुरांचा माग काढणं, विखुरलेला कळप गोळा करून पाच-पन्नास मैल हाकत नेणं, झाडांची ठेवण बघून वस्ती कुठे असेल ते ताडणं, काटेरी तारेचं कुंपण घालणं, हे सगळं त्याला येत होतं. घरी तो हे काम जनावर जगवायला करायचा. इथे तेच हात, तीच नजर, तोच घोडा वापरून त्याला दुसऱ्याचं घरदार मोडायला लावलं. शिक्षित सैनिकाला जे जमलं नसतं ते शेतकऱ्याला जमलं, कारण शेतकऱ्याचं मर्म शेतकऱ्यालाच कळतं. साम्राज्याने त्याची निवड याचसाठी केली होती. मला या सगळ्या इतिहासात सर्वात जास्त बोचते ती ही गोष्ट. त्या स्वारांनी घरी लिहिलेल्या पत्रांत आणि रोजनिशांत या कामाची किळस अनेकदा दिसते: बाई दारात उभी, पोरं तिला बिलगलेली, दहा मिनिटांत काय काढायचं ते काढा असा हुकूम, मग पेंढा आणि काडी. काहींनी ते निर्विकारपणे लिहिलंय. काहींना त्यात मजा वाटली, तेही लिहिलेलं आहे.

घरं जाळल्यावर त्या बायकापोरांना नेलं छावण्यांमध्ये.

आमच्याकडे छावणी म्हणजे चारा छावणी. २०१३ च्या दुष्काळात आमच्या भागातली माणसं जनावरं घेऊन महिनोन्‌महिने छावणीत राहिली. छावणी होती म्हणून दावणीची गाय वाचली. तिथे शब्द तोच, अर्थ उलटा. इंग्रजांनीही सुरुवातीला त्यांना निर्वासितांच्या छावण्या म्हटलं होतं, जणू आसराच दिला. अपुरं अन्न, घाण पाणी, गोवर, विषमज्वर. सुमारे २८,००० बोअर तिथे मेले, आणि त्यांतली सुमारे २२,००० सोळा वर्षांखालची मुलं होती. काळ्या आफ्रिकी लोकांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. त्यांच्या मृत्यूंच्या नोंदीही नीट ठेवल्या नाहीत. ज्यांची नोंद आहे तेच १४,००० च्या वर भरतात. एमिली हॉबहाउस नावाची एक इंग्रज बाई एकटी तिथे गेली, छावण्यांमधून फिरली आणि जून १९०१ मध्ये तिने आपला अहवाल इंग्लंडपुढे ठेवला. म्हणून जगाला हे कळलं.

त्या वेळचं माप वेगळं होतं, आजच्या मापाने त्यांना मोजू नका, असं कुणी म्हणेल. हा आक्षेप मी अनेकदा ऐकला आहे आणि तो मला पटत नाही. त्याच जून १९०१ मध्ये इंग्लंडच्या विरोधी पक्षाचे नेते कॅम्पबेल-बॅनरमन यांनी या पद्धतींना जाहीरपणे रानटी म्हटलं होतं. व्हिक्टोरियातल्या हेन्री हिगिन्स यांनी युद्धाला विरोध केला आणि १९०० च्या निवडणुकीत त्यांची जागा गेली. सिडनी विद्यापीठातले इतिहासाचे प्राध्यापक वुड युद्धाविरुद्ध बोलले म्हणून त्यांना विद्यापीठाची तंबी मिळाली. म्हणजे माप तेव्हाही होतं. ते वापरणाऱ्यांना किंमत मोजावी लागत होती, एवढंच.

आता मोरँटकडे येतो. कारण ऑस्ट्रेलियात या युद्धाचं नाव काढलं की शंभरातल्या नव्वदांच्या डोळ्यांसमोर तोच येतो.

हॅरी मोरँट. घोडे पढवण्यात असा वाकबगार की लोक त्याला ‘ब्रेकर’ म्हणत. सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात त्याच्या कविता छापून येत. १९०१ मध्ये उत्तर ट्रान्सवाल या बोअर मुलखात बुशफेल्ट कारबिनियर्स नावाची घोडेस्वार तुकडी उभी झाली, तिथे तो अधिकारी होता. तुकडीत सुमारे चाळीस टक्के ऑस्ट्रेलियन. ऑगस्ट १९०१ मध्ये त्याचा जिवलग दोस्त कॅप्टन हंट एका वस्तीवरच्या हल्ल्यात मेला. त्यानंतर मोरँटच्या हुकमाने शरण आलेले कैदी मारले जाऊ लागले. आधी फिसर नावाचा एक जखमी कैदी. मग २३ ऑगस्टला रस्त्याच्या कडेला एकदम आठ जण. मग सप्टेंबरमध्ये शरण यायला निघालेला एक बाप आणि त्याचे दोन मुलगे. त्या आठ जणांशी वाटेत बोललेला हेसे हा जर्मन मिशनरीही गोळी घातलेल्या अवस्थेत सापडला. त्या खुनातून मात्र आरोपी सुटले. बारा कैद्यांच्या हत्येसाठी मोरँट आणि त्याचा सहकारी पीटर हँडकॉक यांना २७ फेब्रुवारी १९०२ रोजी पहाटे प्रिटोरियात गोळ्या घालण्यात आल्या. तिसरा, जॉर्ज विटन, याची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९०४ मध्ये तो सुटला.

माफी मागणाऱ्यांचं म्हणणं मी मनापासून ऐकलं आहे, आणि त्यातला मोठा भाग मला मान्यही आहे. आरोपींचा वकील मेजर थॉमस याला तयारीला जेमतेम एक दिवस मिळाला. हा थॉमस टेंटरफील्ड गावचा साधा सॉलिसिटर, आणि स्वतः एलंड्स रिव्हरच्या वेढ्यात लढलेला. ऑस्ट्रेलियाच्या सरकारला शिक्षा अंमलात येईपर्यंत काही कळवलं गेलं नाही. शिक्षा सुनावल्यावर अपिलाला अवकाश ठेवला नाही. हे सगळं अन्यायाचंच होतं, आणि ऑस्ट्रेलियाने त्यातून धडा घेतला: १९०३ च्या संरक्षण कायद्यानुसार गव्हर्नर जनरलच्या मंजुरीशिवाय ऑस्ट्रेलियन सैनिकाला मृत्युदंड देता येईना, आणि म्हणूनच पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी आपल्या शेकडो सैनिकांना गोळ्या घातल्या तरी एकाही ऑस्ट्रेलियन सैनिकाला तशी शिक्षा झाली नाही. त्या दोघांच्या मरणातून एवढं भलं निघालं. २०१० मध्ये इंग्रज सरकारने माफीचा अर्ज फेटाळला, २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या प्रतिनिधिगृहात खटला न्याय्य पद्धतीने न झाल्याबद्दल खेद व्यक्त झाला. इथपर्यंत मी त्यांच्या बाजूने आहे.

पण खटला घाईत झाला म्हणून खून झालेच नाहीत असं होत नाही. कैद्यांना मारलं हे खुद्द आरोपींनी नाकारलं नव्हतं. कैदी घेऊ नका असा वरून हुकूम होता, हा त्यांचा बचाव होता. तो हुकूम खरा होता की खोटा यावर इतिहासकार आजही भांडतात. समजा, खरा होता. म्हणजे किचनर दोषी ठरतो. मग किचनरवर बोट दाखवा, त्याच्या पुतळ्यांखाली छावण्यांतल्या मुलांचे आकडे लिहा, मी तुमच्यासोबत येईन. वरचा सुटला म्हणून खालच्यालाही सोडा, या न्यायाने शेवटी कुणीच दोषी राहत नाही आणि रस्त्याच्या कडेला पडलेले आठ जण आपोआप मेले असं म्हणण्याची पाळी येते. अपराधाचं वर्तुळ मोठं करायला हवं. माफीने ते पुसलं जातं.

आणखीही एक खोट या दंतकथेत आहे. ज्याला ऑस्ट्रेलियाच्या मातीतला मर्द म्हणून डोक्यावर घेतलं तो मोरँट इंग्लंडमध्ये जन्मलेला होता, वयात आल्यावर क्वीन्सलंडला आलेला. रानातल्या साध्या माणसाचा प्रतिनिधी म्हणून त्यालाच का निवडावं? कविता करत होता, देखणा होता, मरताना ताठ उभा राहिला, म्हणून? त्याच तुकडीत रानातली साधी माणसं होती आणि त्यांनी त्याच वेळी एक काम केलं, ज्याची आठवण कुणी सहसा काढत नाही.

४ ऑक्टोबर १९०१ रोजी कारबिनियर्सच्या पंधरा शिपायांनी पिटर्सबर्गचा इंग्रज लष्करी अधिकारी कर्नल हॉल याला एक पत्र लिहिलं. मजकूर लिहिणारा होता रॉबर्ट कॉक्रन, पश्चिम ऑस्ट्रेलियातून आलेला साधा ट्रूपर. पत्रात त्यांनी आपल्याच अधिकाऱ्यांची नावं घेऊन, ठिकाणं सांगून, कुणाला कधी कसं मारलं ते लिहिलं. आमच्यातले बरेच ऑस्ट्रेलियन आहेत आणि जवळपास सगळं युद्ध लढलेले आहेत, असंही लिहिलं. आणि पूर्ण चौकशीची मागणी केली.

या पत्राचं मोल समजायला ती जागा डोळ्यांपुढे आणावी लागते. पिटर्सबर्गपासून दूर, रानातलं एक छोटं ठाणं. ज्यांच्याविरुद्ध तक्रार, तेच वरचे अधिकारी. त्यांच्याकडे बंदुका, आणि माणूस मारायला आता हात कचरत नाही हे सिद्ध झालेलं. तुकडीतला फान ब्युरेन नावाचा शिपाई गोळी लागून मेला होता, आणि त्याला शत्रूने नव्हे, आपल्याच अधिकाऱ्याने मारलं असा आरोप त्या पत्रातच आहे. म्हणजे तोंड उघडलं तर आपलंही तेच होईल हे पंधराही जणांना कळत होतं. तरी त्यांनी नावं लिहिली. निनावी पत्र पाठवलं नाही. एलंड्स रिव्हरच्या खडकाळ माळावर तेरा दिवस तोफांखाली पडून राहण्याइतकंच धैर्य याला लागलं असेल. माझ्या मते थोडं जास्तच, कारण इथे सोबतीला टाळ्या नव्हत्या, पदक नव्हतं, आणि घरी गेल्यावर फितूर म्हणून शिव्या मिळण्याची शक्यता होती.

आणि हेच लोक माझ्या मुद्द्याचा सगळ्यात मोठा पुरावा आहेत. हुकूम होता, युद्ध होतं, सगळेच करत होते, या सगळ्या सबबी त्यांनाही लागू होत्या. तेही त्याच दुष्काळाच्या काळातले, त्याच पगारावर आलेले, तेच घोडे, तीच बंदूक. त्यांना दिसलं की हे पाप आहे. मग मोरँटला दिसत नव्हतं असं कसं म्हणायचं?

कॅनबेरात ॲन्झॅक परेड या रस्त्याच्या कडेला ३१ मे २०१७ रोजी बोअर युद्धाचं राष्ट्रीय स्मारक उभं राहिलं, युद्ध संपल्यावर ११५ वर्षांनी. ब्राँझचे चार घोडेस्वार, गस्तीवर निघालेले. शिल्प उत्तम आहे असं ते पाहिलेले सगळे सांगतात, आणि छायाचित्रांतूनही घोड्यांचे ताणलेले स्नायू, स्वारांच्या नजरेतली सावधानता कळते. मला त्यात उणं दिसतं ते हे की चौघे कुठे चालले आहेत ते कळत नाही. पुढच्या टेकडीमागे वस्ती आहे का? तिथे कोण आहे? हे चौघे परततील तेव्हा त्यांच्या मागे धूर असेल का? स्मारक स्वाराला दाखवतं आणि त्याचं काम लपवतं.

घोड्यांच्या वाट्याला त्यांच्या धन्यांपेक्षा प्रामाणिक स्मारक आलं. इंग्रजांच्या बाजूने या युद्धात तीन लाखांहून जास्त घोडे मेले. महिना-महिना जहाजात उभे, अंग सुटलेले, दम निघालेले घोडे बंदरावर उतरवून विश्रांती न देताच खोगीर घालून आत नेले जात, आणि गोळीने मेले त्यांच्यापेक्षा उपासाने आणि थकव्याने मेले ते जास्त. दक्षिण आफ्रिकेत पोर्ट एलिझाबेथला १९०५ मध्ये त्यांचं स्मारक झालं: तहानलेला घोडा आणि त्याच्यापुढे बादली धरून गुडघ्यावर बसलेला शिपाई. तिथे काय सोसलं गेलं ते लपवलेलं नाही. ब्लूमफाँटेनला १९१३ मध्ये छावण्यांत मेलेल्या बोअर बायकामुलांचं स्मारक झालं. काळ्या आफ्रिकी मृतांना मात्र कितीतरी दशकं कुणी विचारलं नाही. बोअर आणि इंग्रज दोघांनी मिळून १९०२ च्या तहात त्यांच्या मताधिकाराचा प्रश्न पुढे ढकलला, आणि १९१३ च्या जमीन कायद्याने त्यांना बहुतेक देशात जमीन घेणंच अशक्य केलं. बोअर शेतकऱ्याबद्दल मला कळवळा आहे, पण त्याची जमीनही मुळात कुणाची होती हे विसरून चालणार नाही. तीच गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या बुशमनच्या कुरणांची.

आम्हा मराठी लोकांना यात पडायचं काय कारण, असं कुणाला वाटेल. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे गाव घ्या. तिथल्या शेतकऱ्यांची मुलं पहिल्या महायुद्धात गेली, ४६ जण परत आले नाहीत, आणि गावाचं नावच ‘अपशिंगे मिलिटरी’ पडलं. साताऱ्यापासून कोकणापर्यंत अशा गावांतले मराठा पलटणींचे जवान इराकच्या वाळवंटात, कुट-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी मेले. इंग्रजांनी गावोगाव दगडी पाट्या लावल्या: या गावातून इतके गेले, इतके मेले. कुणाशी लढले, कुणाच्या घरात शिरले, का लढले, ते पाटीवर नाही. आपण त्या पाट्यांना हार घालतो, ते योग्यच आहे. पण तिथे उभं राहून दुष्काळाबद्दल, भरतीच्या सक्तीबद्दल, आणि ज्यांच्या मुलखात आपली पोरं गेली त्यांच्याबद्दल आपणही बोलत नाही. म्हणून ऑस्ट्रेलियाला उपदेश करण्याचा अधिकार मला आहे असं मी मानत नाही. एक शेतकरी समाज दुसऱ्या शेतकरी समाजाला विनंती करू शकतो, तेवढीच ही विनंती.

ऑस्ट्रेलियात बाथर्स्ट या गावी बोअर युद्धाचं स्मारक आहे. जानेवारी १९१० मध्ये त्याचं अनावरण करायला खुद्द किचनर आला होता. हँडकॉक त्याच गावचा. त्या दिवशी दगडावर त्याचं नाव नव्हतं. १९६४ मध्ये ते कोरलं गेलं. मला ते कोरणं चुकीचं वाटत नाही. तो त्या गावचा होता, तिथून घोड्यावर गेला होता, त्याची बायकोमुलं तिथेच त्याची वाट पाहत होती. नाव असू द्या. माफी नको, आणि नाव पुसणंही नको.

आणि कॅनबेराच्या त्या चार घोडेस्वारांच्या पायाशी थोडी जागा आहे. ऑस्ट्रेलियात दरवर्षी ३१ मेच्या सुमारास या युद्धाच्या स्मरणाचा समारंभ होतो. तिथे त्या पंधरा जणांची नावं कोरावीत आणि समारंभात एकदा तरी त्यांचं पत्र मोठ्याने वाचावं. पत्राच्या शेवटाकडे त्यांनी लिहिलं आहे की या गुन्ह्यांचा कलंक नावाला लावून आम्ही घरी परत जाऊ शकत नाही.